बॉक्सिंगचा गेम मागितला की दुकानदार यूएफसी का काढतो

मागच्या दिवाळीत भाच्याला घेऊन सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. त्याला पीएस-५ वर, म्हणजे प्लेस्टेशन ५ वर, बॉक्सिंगचा गेम हवा होता. दुकानदारानं फळीवरून एक डबा काढून काउंटरवर ठेवला. "हा घेऊन जावा सर, एक नंबर आहे." डब्यावर नाव होतं 'यूएफसी ५'.

आता यूएफसी म्हणजे बॉक्सिंग नव्हे, ती मिश्र मारामारीची (एमएमए) स्पर्धा. त्यात लाथा आहेत, गुडघे आहेत, खाली पाडून मान आवळणं आहे. बॉक्सिंगमध्ये फक्त दोन मुठी, तेही कमरेच्या वर. पण दुकानदार फसवत होता असंही नाही. त्याच्या फळीवर खऱ्या बॉक्सिंगचा म्हणावा असा दुसरा डबा एकच होता. वीस वर्षांपूर्वी वर्ष-दीड वर्षानं बॉक्सिंगचा नवा गेम यायचा. मग हा दुष्काळ कुठून आला?

सुरुवात घरात नाही, नाणं टाकून खेळायच्या पेटीत झाली. १९७६ मध्ये सेगा या गेम कंपनीनं 'हेवीवेट चॅम्प' आणला. पडदा काळा-पांढरा, आणि बटणांऐवजी पेटीला बॉक्सिंगच्या ग्लोव्हसारखी मूठ. मूठ वर-खाली केली की ठोसा तोंडावर किंवा पोटावर, आत ढकलली की बसला. घरात हा खेळ १९८० मध्ये आला, टीव्हीला जोडायच्या अटारी २६०० या यंत्रावर, ॲक्टिव्हिजन कंपनीच्या 'बॉक्सिंग'मधून. रिंग वरून दिसायची, म्हणजे छताच्या पंख्यावर बसून खाली बघावं तसं. दोन मिनिटांचा सामना, आणि शंभर गुण आधी झाले की समोरचा बाद. खेळाडूंना नावं नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ नावांनीच घातला आहे.

१९८४ च्या आसपास निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'पंच-आउट' पेट्यांमध्ये आला. त्यांचा आधीचा गेम 'डॉन्की काँग' तुफान चालल्यानंतर कंपनीकडे मॉनिटर शिल्लक पडले होते, म्हणून गेन्यो ताकेदांच्या गटानं एका पेटीत दोन पडदे बसवले. आपला खेळाडू हिरव्या रेघांचा, आरपार दिसणारा, कारण तो पाठमोरा उभा असायचा आणि त्याच्याआड समोरचा झाकला जाऊ नये. पात्रं काढली होती शिगेरू मियामोतोंनी. १९८७ मध्ये हाच खेळ घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला, तो तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता माइक टायसनचं नाव लावून. त्यात ठोशांपेक्षा निरीक्षण महत्त्वाचं. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची एक खोड असते, ती ओळखायची. त्यातला ग्रेट टायगर हा आपल्या मुंबईचा. फेटेवाला, आणि ठोसा मारायच्या आधी त्याच्या फेट्यातला मणी चमकायचा. परदेशी लोकांना हिंदुस्थानी म्हटलं की फेटा आणि जादूच दिसते, त्याला काय करणार! पण मणी चमकला की हात वर करायचा, हा नियम मात्र पक्का.

सोलापुरात आमच्या पिढीनं हा गेम जवळजवळ पाहिलाच नाही. आमच्याकडे आले ते निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल करणारे 'टीव्ही गेम' आणि '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटी, ज्यांत खरे गेम मोजून चाळीस. 'पंच-आउट'च्या कॅसेटीत निन्टेन्डोनं एक खास चिप बसवली होती, एमएमसी-२ नावाची, आणि ती दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये वापरली नाही. त्यामुळे एका कॅसेटीत डझनावारी गेम कोंबणाऱ्यांच्या कामाचा तो नव्हता. आम्हाला मिळाला 'अर्बन चॅम्पियन'. रस्त्यावर दोघे बुक्क्या हाणतायत, वर खिडकीतून कोणीतरी फुलांची कुंडी टाकतंय, मध्येच पोलिसांची गाडी आली की दोघेही साळसूद. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत एका यंत्रमागवाल्यांच्या घरी आम्ही तो खेळायचो. शेजारच्या खोलीत मागांची खडखड एवढी की गेमचा आवाज कोणी कधी ऐकलाच नाही. लोडशेडिंगला वीज गेली की माग आणि मारामारी एकदमच बंद पडायची.

इकडे नावांचा बाजार सुरू झाला होता. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसनं टायसनला झोपवलं. जगातल्या कोणालाही हे अपेक्षित नव्हतं. टायसनशी असलेला निन्टेन्डोचा करार संपत आलेलाच होता, तो त्यांनी वाढवला नाही. त्याच वर्षी तोच गेम टायसनचा चेहरा पुसून, 'मिस्टर ड्रीम' नावाचा काल्पनिक गडी घालून पुन्हा विकला. आणि सेगानं काय केलं? ताइतो या दुसऱ्या कंपनीच्या एका तयार गेमवर डग्लसचं नाव चिकटवलं आणि आपल्या कन्सोलवर आणला. डग्लस ऑक्टोबरमध्येच इव्हँडर होलीफील्डकडून हरला. मग १९९२ मध्ये सेगाचा होलीफील्डच्या नावाचा गेम आला! त्या काळात जॉर्ज फोरमन, मुहम्मद अली, रिडिक बो, सगळ्यांच्या नावाचे गेम आले. गणित साधं होतं: एक कंपनी, एक बॉक्सर, एक करार. बाकीचे प्रतिस्पर्धी कल्पनेतले.

ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या कंपनीनं हे गणित बदललं. १९९८ च्या 'नॉकआउट किंग्ज'मध्ये त्यांनी जुने-नवे खरे बॉक्सर एकत्र आणले. दुसऱ्या टोकाला मिडवेचा 'रेडी टू रंबल' (१९९९) होता, भलामोठा आफ्रो केसांचा भिडू आणि निव्वळ धिंगाणा. सात रस्त्याजवळ तासावर चालणाऱ्या प्लेस्टेशनच्या खोलीत आम्ही त्याची कॉपी सीडी घासून घासून संपवली. पण खरं सांगायचं तर तिथे बॉक्सिंग मागणारे थोडेच. निम्म्यांना कुस्ती हवी, उरलेल्यांना 'टेकन' हा लाथाबुक्क्यांचा गेम. 'टेकन ४' मध्ये मात्र गंमत होती. त्यातला स्टीव्ह फॉक्स हा बॉक्सर, त्यामुळे त्याला लाथ नाही. लाथेचं बटण दाबलं की तो अंग चुकवतो. नवीन पोरं चिडून रिमोट आपटायची.

खरा बदल आला तो ईएच्याच 'फाइट नाइट २००४'नं. ठोसे बटणावरून रिमोटच्या उजव्या स्टिकवर, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या छोट्या दांडीवर गेले. स्टिक तिरकी पुढे ढकलली की सरळ ठोसा, बाजूनं गोल फिरवली की हुक, खालून वर नेली की अपरकट. म्हणजे अंगठ्याची हालचाल आणि पडद्यावरच्या हाताची हालचाल एकाच जातीची झाली. माझ्या मते १९७६ च्या त्या ग्लोव्हनंतर या खेळात आलेली हीच एक खरी कल्पना. त्याच मालिकेतला २००६ चा 'राउंड ३' एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा पडद्यावर ताकदीची पट्टीच नव्हती. दम किती उरलाय ते खेळाडूच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. २००९ च्या 'राउंड ४' मध्ये टायसन आणि अली एकाच डब्यावर आले, पण ईएनं बटणं पूर्ण काढून टाकली. बटणवाल्यांनी एवढी ओरड केली की नंतर अपडेट देऊन ती परत आणावी लागली. २०११ चा 'फाइट नाइट चॅम्पियन' हा त्या मालिकेतला शेवटचा. त्याला कथा आहे, नायक तुरुंगात उघड्या मुठींनी लढतो, आणि ईए स्पोर्ट्सचा प्रौढांसाठीचा शिक्का बसलेला तो पहिलाच गेम.

आणि मग काहीच नाही. लोक म्हणतात बॉक्सिंगची लोकप्रियता घसरली. मला ते अर्धंच पटतं. बॉक्सिंगला एक मालक नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटनांचे चार पट्टे, त्यावर सामने भरवणारे प्रवर्तक वेगळे, आणि प्रत्येक बॉक्सरच्या चेहऱ्याचा करार वेगळा. सत्तर चेहरे हवेत तर जवळजवळ सत्तर दारं ठोठवा. यूएफसी ही एकच कंपनी. तिच्याशी करार झाला की बहुतेक गडी एका सहीत मिळतात. २०१२ मध्ये ईएनं तो परवाना घेतला, २०१४ मध्ये पहिला गेम काढला आणि बॉक्सिंग बाजूला पडलं. २०२० च्या 'यूएफसी ४' मध्ये टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ हे दोन चालू काळातले बॉक्सर पाहुणे म्हणून आले. स्वतःच्या घरी जागा नाही म्हणून शेजाऱ्याकडे मुक्काम. दुकानदाराच्या फळीचं उत्तर हे असं आहे.

सत्तर दारं ठोठावली ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या स्टील सिटी इंटरॅक्टिव्ह या नव्या कंपनीनं. 'अनडिस्प्युटेड' ११ ऑक्टोबर २०२४ ला पीएस-५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर पूर्ण रूपात आला. अली, फ्युरी, कॅनेलो, उसिक, शिवाय केटी टेलरसारख्या महिला बॉक्सरही. पायांची हालचाल छान आहे, दमाचा हिशोब कडक आहे, आणि नुसती बटणं बडवणारा दुसऱ्या फेरीत धापा टाकतो. ठोसा बसल्याचा दणका मात्र 'चॅम्पियन'इतका जाणवत नाही, तेरा वर्षं उलटूनही.

तेव्हा पीएस-५ असेल तर बॉक्सिंग म्हणून घ्यायचा तो हाच. एक्सबॉक्स असेल तर मी आधी 'फाइट नाइट चॅम्पियन' सांगेन, कारण जुना असूनही तो नव्या एक्सबॉक्सवर चालतो. फक्त सिरीज एस घेतलेल्यांनी जुनी डिस्क आणू नये, त्या यंत्राला डिस्कची फटच नाही. 'चॅम्पियन'ची पीएस-३ ची डिस्क पीएस-४ किंवा पीएस-५ मध्ये चालत नाही, ही चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली आहे. पीएस-४ वाल्यांना धमाल हवी असेल तर २०२१ चा 'बिग रंबल बॉक्सिंग', आठ-दहा वर्षांच्या पोरांना तोच बरा. निन्टेन्डोच्या स्विचवरचा 'फिटनेस बॉक्सिंग' म्हणजे तालावरचा व्यायाम, समोर मार खायला कोणी नसतं. आणि जुन्या डिस्कांच्या ढिगात 'अनडिस्प्युटेड' दिसला तर डबा उलटून बघा. २००९ ते २०१२ मध्ये टीएचक्यू या कंपनीनं काढलेल्या यूएफसीच्या गेमांच्या नावातही हाच शब्द होता.

भाच्यानं 'अनडिस्प्युटेड' घेतला. घरी येऊन लावला, अली निवडला, घंटा वाजली. अर्धा मिनिट तो सगळी बटणं दाबून बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, लाथ कुठल्या बटणावर आहे?"