आयातबंदीनंतर गोमांसाची परदेशी बाजारपेठ परत मिळवणे

जनावरांत गंभीर रोग आढळला की आयातदार देश रोगग्रस्त देशाचे मांस घेणे थांबवतात. ही बंदी उठावी म्हणून निर्यातदार देशाचे पशुवैद्यक खाते, कत्तलखाने आणि पशुपालक यांना तपासण्या, दाखले आणि वाटाघाटी यांतून जावे लागते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे.

वॉशिंग्टन राज्यातील मॅब्टन येथील एका होल्स्टीन गायीला बीएसई, म्हणजे ‘मॅड काऊ’ रोग, झाल्याचे २३ डिसेंबर २००३ रोजी जाहीर झाले. गाय जन्मली होती कॅनडात, पण त्याने फरक पडला नाही. आठवड्याभरात जपान, दक्षिण कोरिया, मेक्सिको आणि इतर अनेक देशांनी आयात बंद केली. २००३ मध्ये सुमारे ३८० कोटी डॉलरची असलेली निर्यात २००४ मध्ये ८० कोटींच्या आसपास घसरली. मेक्सिकोने मार्च २००४ मध्येच ३० महिन्यांखालील जनावरांचे हाडविरहित मांस घ्यायला सुरुवात केली. जपान आणि कोरियाशी मात्र वर्षानुवर्षे झगडावे लागले.

नुकसान का मोठे होते, हे जनावराचे तुकडे पाहिले की कळते. जपानी ‘ग्युदोन’साठी (भातावर गोमांसाचे पातळ काप) लागणारा पोटाकडचा चरबीदार भाग, जीभ, कोरियन ‘गाल्बी’साठीच्या (भाजलेल्या बरगड्यांचा पदार्थ) बरगड्या यांना अमेरिकेत फारसा भाव नाही, पूर्व आशियात तो भरपूर मिळतो. निर्यात बंद झाली की हे भाग देशातच स्वस्तात विकावे लागतात आणि एका जनावरामागचे एकूण उत्पन्न घटते. जपानमध्येही झळ बसली. योशिनोया या उपाहारगृह साखळीला फेब्रुवारी २००४ मध्ये ग्युदोन विकणे थांबवावे लागले.

बीएसईच्या अटी वय आणि हाड या दोन गोष्टींभोवती फिरतात. रोगाचे कारण असलेला प्रायॉन हा विकृत प्रथिनकण मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतूंच्या गाठींत साठतो. शिजवून, गोठवून तो नष्ट होत नाही. रोग मांस-हाडांच्या भुकटीच्या खाद्यातून पसरतो आणि अंगात वर्षानुवर्षे दडून राहतो, म्हणून कोवळ्या जनावरात तो सहसा सापडत नाही. लाळ्या-खुरकुताची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बाबतीत कत्तलीनंतर मांस २ अंश सेल्सियसहून अधिक तापमानात किमान २४ तास ठेवून त्याचा सामू ६ च्या खाली आणला, हाडे आणि लसिका गाठी काढल्या, की स्नायूतला विषाणू निकामी होतो. भारतातून म्हशीचे मांस हाडे व गाठी काढूनच परदेशी जाते, ते याच कारणाने. प्रायॉनवर असा उपाय नाही; धोक्याचे अवयव मुळातच वेगळे काढावे लागतात.

अमेरिकेने ३० डिसेंबर २००३ रोजीच उभे राहू न शकणाऱ्या जनावरांचे मांस माणसांच्या आहारातून वगळण्याचे जाहीर केले. ३० महिने व त्यावरील जनावरांची कवटी, मेंदू, डोळे, मज्जारज्जू आणि पाठीचा कणा, तसेच सर्व वयांच्या जनावरांचे टॉन्सिल आणि लहान आतडे वर्ज्य ठरले. वय दातांवरून ठरते. आपल्याकडे बैलबाजारात आदत, दोनदाती, चारदाती अशी पारख चालते, तशीच ही. दोन कायमच्या दातांपुढचा तिसरा दात हिरडीतून वर आला, की जनावर ३० महिन्यांच्या पुढचे धरतात. जून २००४ पासून धोक्याच्या गटातील जनावरांची तपासणीही वाढवली आणि दोन वर्षांत सात लाखांहून अधिक नमुने तपासले.

जपानचे एवढ्याने समाधान झाले नाही. तिथे सप्टेंबर २००१ मध्ये स्वतःच्याच गायीत रोग सापडला होता आणि त्यानंतर कत्तलीच्या प्रत्येक जनावराची चाचणी होत होती. ग्राहकांना त्याहून कमी चालणार नव्हते. शेवटी २० महिन्यांपर्यंतच्या जनावरांचे मांस चालेल असे ऑक्टोबर २००४ मध्ये तत्त्वतः ठरले, आणि इथेच खरी अडचण पुढे आली. अमेरिकेत प्रत्येक जनावराला सक्तीचा ओळख-बिल्ला नव्हता, मग जन्मतारीख सिद्ध करायची कशी? दोन मार्ग काढले. एक, पशुपालकाची जन्मनोंद; कळपाची एकत्र नोंद असेल तर त्या हंगामात जन्मलेल्या पहिल्या वासराची तारीख सगळ्यांना लागू. दुसरा, धडावरून पारख. मणक्यांच्या टोकांवरची कूर्चा किती हाडाळली आहे, मांसाचा रंग आणि पोत कसा आहे, हे पाहून प्रतवारी करणारा धडाची पक्वता, म्हणजे वयाची खूण, ठरवतो; ती अमेरिकी प्रतवारीतल्या ‘ए-४०’ किंवा त्याआतल्या टप्प्यात असावी लागे. ही मर्यादा मुद्दाम कडक होती. प्रत्यक्षात २० महिन्यांखालची अनेक जनावरेही तिच्यात बसत नसत, म्हणून जन्मनोंद ठेवणाऱ्या कळपांना जास्त दर मिळू लागला. प्रत्येक जनावराची नोंद ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियाने तोवर या बाजारात आपला वाटा वाढवून घेतला.

१२ डिसेंबर २००५ रोजी जपान उघडला आणि २० जानेवारी २००६ रोजी पुन्हा बंद झाला. नारिता विमानतळावर वासराच्या मांसाच्या पेट्यांत कण्याची हाडे निघाली होती. अमेरिकेत त्या वयाच्या जनावराचा कणा पूर्णपणे कायदेशीर; जपानच्या करारात मात्र कोणत्याही वयाचा कणा वर्ज्य होता. कारखाना निर्यातीसाठी मान्यताप्राप्त होता, तरी ही अट ना तिथल्या लोकांच्या नीट लक्षात होती, ना सरकारी निरीक्षकाच्या. निर्यातीची अनेक संकटे अशी रोगातून नव्हे तर देशांतर्गत नियम आणि करार यांच्यातल्या फटीतून येतात. म्हणून पुढे कारखान्यांची यादी नव्याने तपासली गेली, जपानी अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली, आणि जुलै २००६ अखेर माल सुरू झाला. ज्या कत्तलखान्यातून दोन-तीन देशांना माल जातो, तिथे प्रत्येक देशाची पाळी वेगळी, पेटीवरचे संकेतांक वेगळे आणि शीतगृहातली जागाही वेगळी ठेवणे हाच यावरचा व्यावहारिक उपाय. कत्तलीची तारीख करार लागू होण्याच्या एक दिवस आधीची निघाली, तरी माल परत येऊ शकतो.

कोरियाने २००६ मध्ये ३० महिन्यांखालील हाडविरहित मांसच मान्य केले. गाल्बीला हाडासकट बरगडी लागते, त्यामुळे मुख्य मागणीच बाहेर राहिली. त्यातही ‘हाडविरहित’चा अर्थ कोरियाने अक्षरशः घेतला. क्ष-किरण तपासणीत हाडाचा बारीक तुकडा दिसला की सगळी खेप परत. नोव्हेंबर-डिसेंबर २००६ मध्ये पहिल्या तिन्ही खेपा अशाच नाकारल्या गेल्या. सदोष पेटी तेवढी परत करायची की अख्खी खेप, हे करारात आधीच लिहून घेतले नाही तर किती महागात पडते, ते इथे दिसले.

१८ एप्रिल २००८ च्या करारात कोरियाने जवळजवळ सर्व अटी सोडल्या आणि सोलमध्ये मेणबत्त्या घेऊन लाखो लोक रस्त्यावर आले. १० जून रोजी मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले. अखेर त्याच महिन्यात, निर्यातदारांनी स्वतःहून ३० महिन्यांखालचाच माल पाठवायचा आणि अमेरिकी कृषिखात्याने त्याची पडताळणी करायची, असा तात्पुरता तोडगा निघाला. सरकारने सही केली म्हणून ग्राहक विकत घेईलच असे नाही. विश्वास घाईने लादला की उलटतो. पुढे हाच कोरिया अमेरिकी गोमांसाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक झाला. ४० टक्के आयातशुल्क १५ वर्षांत शून्यावर नेणारा २०१२ चा व्यापार करारही त्याला साहाय्यक ठरला.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने मे २०१३ मध्ये अमेरिकेला ‘नगण्य धोका’ हा दर्जा दिला. हा दर्जा वाटाघाटीत हाताशी असलेला भक्कम पुरावा, पण कोणत्याही देशाला आयात करायला तो भाग पाडत नाही. जपानने फेब्रुवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा ३० महिन्यांवर नेली आणि मे २०१९ मध्ये ती काढून टाकली. चीन २०१७ मध्ये उघडला.

ब्राझीलचे उदाहरण याच्या नेमके उलट. चीनशी झालेल्या करारात, बीएसई सापडताच ब्राझीलने स्वतःहून निर्यात थांबवायची, असे कलम आहे. वृद्ध जनावरात आपोआप उद्भवणारा, खाद्यातून न पसरणारा असामान्य प्रकार निघाला तरी ते लागू होते. सप्टेंबर २०२१ मध्ये अशी निर्यात थांबली ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारी २०२३ मध्ये पारा राज्यात एक जनावर सापडले, तेव्हा महिन्याभरात निर्यात पुन्हा सुरू झाली. कोरियाची ३० महिन्यांची ‘तात्पुरती’ अट मात्र २०२५ च्या वाटाघाटींतही सुटली नाही.