तिमोरास्सो वाइन

तिमोरास्सो : वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांताच्या आग्नेय टोकाला, तोर्तोना शहराभोवतीच्या टेकड्यांवर होणारी पांढऱ्या द्राक्षाची दुर्मीळ जात व तिच्यापासून केलेली कोरडी वाइन. ‘कोरडी’ म्हणजे रसातली साखर आंबून जवळजवळ संपलेली. नागपुरात पांढरी वाइन म्हटली की नाशिककडची शेनिन ब्लाँ नाहीतर सोव्हिन्यों ब्लाँ समोर येते. तिमोरास्सो या दोहोंपेक्षा अंगाने भरीव. तोर्तोनाचे रोमनकालीन नाव देर्तोना. म्हणून तिथल्या बाटल्यांवर बहुधा हेच जुने नाव असते.

एकेकाळी ही वेल त्या टेकड्यांवर सर्रास होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपातले द्राक्षमळे उजाड केले. पुन्हा लागवड करताना तोर्तोनाच्या शेतकऱ्यांनी कोर्तेझे ही भरवशाची जात पसंत केली. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिमोरास्सोचा फुलोरा गळतो, एकाच घडात काही मणी टपोरे तर काही वाटाण्याएवढेच राहतात, आणि एका वर्षी लगडलेली वेल पुढच्या वर्षी हात आखडते. आंबिया बहाराची गळ पाहिलेल्या काटोल-वरुडच्या संत्रा बागायतदाराला हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात नामशेष होण्याच्या बेतात होती. मोनलेआले गावचे वाल्टर मास्सा यांनी उरल्यासुरल्या वेली जपल्या आणि १९८७ च्या हंगामात केवळ याच द्राक्षाची वाइन करून पाहिली. शेजाऱ्यांनी त्यांचा कित्ता गिरवला. पुढे बारोलो या तांबड्या वाइनसाठी नावाजलेल्या व्हिएत्ती, बोर्गोन्यो अशा घराण्यांनीही इथे मळे घेतले.

जमीन चुनखडीयुक्त चिकणमातीची. वाइनमध्ये मद्यार्क साधारण १३ ते १४ टक्के, आणि आंबटपणा ठसठशीत. ताजेपणी नासपती व पांढऱ्या फुलांचा वास येतो, दोन-चार वर्षांनी मधाचा. आणखी मुरली की चक्क रॉकेलची झाक येते! द्राक्षाच्या सालीतील कॅरोटिनॉइड द्रव्यांच्या विघटनातून बनणारे एक संयुग त्याला कारण असते. जर्मनीच्या रीस्लिंग वाइनमध्येही ते आढळते. स्टोव्हच्या जमान्यात वाढलेल्या माणसाने नाक मुरडले तरी बाटली बिघडलेली नसते; जाणकार याच वासासाठी ती वर्षानुवर्षे ठेवतात.

तोर्तोनाकडे ती सारण भरलेल्या आन्योलोत्ती पास्त्याबरोबर, पांढऱ्या ट्रफलबरोबर (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी) आणि मोंतेबोरे चीजबरोबर घेतात. गाय व मेंढीच्या दुधाचे हे चीज मजल्यामजल्यांच्या केकसारखे रचलेले असते आणि तेही मधल्या काळात विस्मरणात जाऊन पुन्हा बनू लागले आहे.

नागपूरच्या ताटाशी तिचा मेळ बसवताना पहिली आठवण होते सावजी मटणाची, आणि तिथेच गडबड होते. मद्यार्काने तिखटाची आग आणखी भडकते. काळ्या मसाल्याच्या तर्रीपुढे नासपती, मध काहीच उरत नाही, नुसता घसा पेटतो. सावजीला थंड पाणी आणि भाकरीच बरी. या वाइनची जागा घरच्या, सौम्य तिखटाच्या पदार्थांजवळ आहे. त्यांतही सांबारवडीला तोड नाही. (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.) बेसनाची तळलेली पारी, आत कोथिंबीर, सुके खोबरे, खसखस : तेलकटपणा आंबट घोटाने कापला जातो आणि खसखशीचा खमंगपणा वाइनमधल्या मधाला धरून राहतो. सोबतची कढीही आड येत नाही. अन्न आंबट असेल तर वाइन निदान तेवढी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. तिमोरास्सो या कसोटीला उतरते. गोळाभातावर फोडणीचे तेल नेहमीसारखे सढळ घ्यावे, मात्र तळलेली लाल मिरची बाजूला ठेवावी. हळद-मीठ लावून तळलेला तळ्यातला रोहूही चालतो. संत्रा बर्फीबरोबर मात्र ही वाइन घेऊ नये. गोडापुढे कोरडी वाइन कडवट आणि रुक्ष लागते.

वाइन सुमारे १२° से. तापमानाला प्यावी. फार गार केली की वास मुका होतो, म्हणून फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवण्याची रीत आहे. ‘खोलीचे तापमान’ हा युरोपीय सल्ला नागपुरात मे महिन्यात, पारा ४५° से.च्या घरात असताना, कामाचा नाही. कूलरसमोर ठेवूनही भागत नाही. बाटली फ्रिजमधून थेट टेबलावर आणावी, पेल्यात थोडी थोडी ओतावी आणि उरलेली बर्फ-पाण्याच्या भांड्यात उभी ठेवावी.