नाताळचे खाद्यपदार्थ

नाताळचे खाद्यपदार्थ : येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवासाठी जगभरच्या ख्रिस्ती घरांत होणारा फराळ, गोडधोड आणि जेवण. बहुतेक देशांत हा सण २५ डिसेंबरला असतो; इथिओपियात तो ७ जानेवारीला येतो. या दिवशी काय शिजवावे याबद्दल बायबलमध्ये अवाक्षर नाही. त्यामुळे ज्या मुलखाच्या कणगीत जे धान्य आणि फडताळात जो सुकामेवा, तेच सणाला बाहेर निघाले. या अर्थाने मिरजेच्या ख्रिस्ती घरातली करंजी इंग्लंडच्या पुडिंगइतकीच अस्सल आहे, आणि तिची नोंद या यादीत हक्काने व्हायला हवी.

या पदार्थांमागे उपवासाचा मोठा हात आहे. पोलंड आणि युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असते. संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच पानावर बसतात. पोलंडमध्ये टेबलावरच्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, कारण बाळ येशूला गव्हाणीत ठेवले होते. बारा पदार्थ मांडतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान रिकामे ठेवतात. युक्रेनमध्ये पहिला मान ‘कुत्या’चा. गहू कांडून, फोलपट काढून मऊ शिजवायचे आणि त्यात वाटलेली खसखस, मध आणि अक्रोड घालायचे. खपली गव्हाची खीर, मिरजेच्या पूर्व भागात जिला हुग्गी म्हणतात, ती ज्याने खाल्ली आहे त्याला कुत्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. आपल्याकडे मधाच्या जागी गूळ येतो आणि वरून खोबरे पडते, एवढाच फरक. दाताखाली येणारा अख्खा गहू तोच.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा ‘श्टोलन’ हा पावासारखा केकही मुळात उपवासाचाच. नाताळआधीच्या उपवासात लोणी चालत नसे, म्हणून तो तेलात होई आणि कोरडा लागे. ड्रेस्डेन ज्या सॅक्सनी प्रांतात येते तिथल्या राज्यकर्त्यांनी पोपकडे विनंती केली आणि १४९१ मध्ये आठव्या इनोसंट पोपने लोणी वापरायची परवानगी देणारे पत्र पाठवले. आज श्टोलन लोण्याने माखून वर पिठीसाखरेचा जाड थर देतात. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे ते रूप मानतात. इथिओपियात तर नाताळपूर्वी ४३ दिवस मांस, दूध, अंडी काहीच खात नाहीत. उपवास सुटतो तो ‘डोरो वत’ने. भरपूर कांदा आधी तेल-तूप न घालता मंद आचेवर आटवतात, मग मसालेदार तूप, लाल तिखट मसाला, कोंबडी आणि अख्खी उकडलेली अंडी घालतात. सोबत टेफ या धान्याचे पीठ आंबवून केलेली ‘इंजेरा’ असते. आपल्या आंबोळीची ती मोठी बहीण.

सांगलीकराच्या जिव्हाळ्याचा विषय मात्र बेदाणा. इंग्लंडच्या प्लम पुडिंगमध्ये प्लमचे फळ नसते. जुन्या इंग्रजीत सुक्या द्राक्षालाच प्लम म्हणत आणि ते नाव तसेच राहिले. बेदाणे, पावाचा चुरा, जनावराची चरबी, अंडी आणि मसाले एकत्र करून हे पुडिंग पूर्वी कापडात बांधून तासन्‌तास उकडत. नाताळच्या चार-पाच आठवडे आधी, एका ठरलेल्या रविवारी घरातला प्रत्येक जण पीठ एकदा ढवळतो. पुडिंग मुरू देतात आणि सणादिवशी वर ब्रँडी ओतून पेटवतात. मिलानच्या ‘पानेत्तोने’तही बेदाणा असतो. हा उंच, हलका केक भट्टीतून काढल्यावर खाली बसू नये म्हणून उलटा टांगून थंड करतात. तासगाव-सांगलीच्या सौद्यात ढिगाने दिसणारा बेदाणा आपल्याला शिरा आणि लाडवापुरता वाटतो. थंड युरोपात, जिथे डिसेंबरात ताजे फळ मिळत नसे, तिथे सणाचा गोडवा त्याच्यावरच उभा होता.

आशिया आणि ऑस्ट्रेलियातली रीत वेगळी. फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ पहाटे प्रार्थना होते आणि चर्चबाहेर गरम ‘बिबिंगका’ विकतात. तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध केळीच्या पानावर ओतून खाली-वर निखारे ठेवून ती भाजतात. जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का, पण १९७४ मधल्या केएफसीच्या जाहिरातीपासून तळलेली कोंबडी तिथे नाताळची झाली आहे; जोडीला स्ट्रॉबेरी लावलेला क्रीम केक असतो. ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा असल्याने थंड कोळंबी आणि फळे चालतात. गोव्यात दोदोल, नेवऱ्या, कुलकुल असा ‘कुसवार’, म्हणजे नाताळचा फराळ, ताटात भरतात.

मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय सुरू झाले. त्याच्या आसपास वाढलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाने दिवाळीचाच फराळ नाताळला आणला : करंज्या, शंकरपाळी, चकल्या, अनारसे, रव्याचे लाडू. डिसेंबरच्या थंडीत करंजीचे काम जरा निवांत होते. तरी एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरून कातणीने कड कापायची आणि झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, हे चुकत नाही. फडके सुकले की पारी तडकते आणि सारण कढईत उतरते. केक बहुधा बेकरीतून येतो. दुपारच्या जेवणाला मटण असते. फराळाची ताटे क्रोशाच्या रुमालाखाली शेजारी जातात, जिथून दिवाळीत ताटे आलेली असतात. ताट रिकामे परत करायचे नाही हा इकडचा रिवाज. घरात दुसरे काही नसले तर शेजारीण त्यात चिमूटभर साखर तरी ठेवते.