हाड बांधणाऱ्या पेशीला भार कसा कळतो?

हाडांना कॅल्शिअम लागतं, हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, हेच कॅल्शिअम निरोप म्हणूनही वापरतात. मला ही बाजू जास्त विलक्षण वाटते.

पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शिअम आयन आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असतात. त्यामुळे पेशीपटलातला एखादा चॅनेल, म्हणजे आयनांना आत सोडणारं दार, क्षणभर जरी उघडला, तरी ते वेगाने आत शिरतात आणि पेशी कामाला लागते. ऑस्टिओब्लास्टमध्ये ही जबाबदारी मुख्यतः एल-प्रकारच्या ‘सीएव्ही १.२’ चॅनेलवर असते. उंदरांच्या हाडांवर मुद्दाम भार दिला की तिथे नवं हाड तयार होतं. पण आधी वेरापामिल किंवा निफेडिपिन ही औषधं देऊन हे चॅनेल अडवले, तर ते कमी तयार होतं. २००२ साली हे प्रयोगांतून दिसलं.

मात्र हा चॅनेल मुळात पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब बदलला की उघडतो. मग हाडावर पडलेल्या ताणाशी त्याचा संबंध येतो कुठून? इथे धरून ठेवणाऱ्या प्रथिनांकडे पाहावं लागतं. चॅनेल एकटा नसतोच. त्याच्या आतल्या अंगाला ‘बीटा-२’ हा उपघटक, म्हणजे चॅनेलचाच एक जोडभाग असतो, त्याला ‘आनाक’ नावाचं प्रथिन धरतं आणि आनाक पुढे ॲक्टिन तंतूंशी, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडलेलं असतं. सुमारे ७०० किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूचं वजन सांगण्याचं एकक) आनाक हे आपल्या शरीरातल्या अतिशय मोठ्या प्रथिनांपैकी एक आहे. बाहेरच्या अंगाला ‘अल्फा-२ डेल्टा-१’ हा उपघटक असतो, आणि तो पेशीभोवतीच्या जाळ्यातल्या पर्लेकन या रेणूला बांधला जाऊ शकतो. दाराला चौकट असावी तसा हा आधार आहे. भार आला की बाहेरचं जाळं आणि आतला सांगाडा दोन्ही ताणले जातात, आणि चॅनेल त्या दोहोंच्या मधोमध असतो.

ऑस्टिओब्लास्ट पुढे हाडातच गाडली जाऊन ऑस्टिओसाइट झाली, की एल-प्रकार मागे पडतो आणि टी-प्रकारचे चॅनेल पुढे येतात. अल्फा-२ डेल्टा-१ मात्र तिथेही महत्त्वाचा राहतो. मज्जातंतूंच्या वेदनांवर दिलं जाणारं गॅबापेन्टिन नेमकं याच उपघटकाला चिकटतं, आणि ते दीर्घकाळ घेण्याचा हाडांची घनता कमी होण्याशी संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. एवढ्यावरून हे औषध मनानेच बंद करू नये; पण ते बरेच दिवस चालू असेल, तर हाडांची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.