शेपटी नंतर, आधी थरथर पाहा

पुच्छ फुलपाखरू ओळखायचं तर शेपटी शोधावी, असंच कुणालाही वाटेल. मागच्या पंखांची टोकं भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी दिसतात, म्हणून इंग्रजीतही याला ‘स्वॅलोटेल’ म्हणतात. पण लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या लिंबाळी फुलपाखराला शेपटी नसते, आणि तेही याच कुळातलं. ज्यांना असते, त्यांचीही कधी कधी पक्ष्याच्या चोचीत तुटून गेलेली असते. म्हणून मी आधी त्याचं फुलावरचं वागणं पाहतो.

पुष्कळ फुलपाखरं फुलावर बसली की पंख मिटून किंवा पसरून स्वस्थ राहतात. पुच्छ फुलपाखरू मात्र रस पितानाही पुढचे पंख सारखे थरथरवत असतं. पाय फुलाला जेमतेम टेकलेले, अंगाचा बराचसा भार पंखांवरच. काही क्षणांत सोंड काढून ते पुढच्या फुलावर जातं. फोटो काढताना याचा फार त्रास होतो, पण दुरून ओळखायला याहून चांगली खूण मला सापडलेली नाही.

ही थरथर फुलाच्याही कामी येते. अमेरिकेतल्या ‘फ्लेम अझेलिया’ या नारिंगी फुलाचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर खूप लांब, एकमेकांपासून दूर फाकलेले असतात. मधमाशीसारख्या लहान कीटकाचं अंग एकाच वेळी दोन्हींना लागणं अवघड. टायगर स्वॅलोटेलचे फडफडणारे रुंद पंख मात्र दोन्हींवर घासतात. या फुलाचे परागकण फुलपाखरांच्या पंखांवरून वाहून नेले जातात, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं.

फुलपाखराची वाट पाहायला झुडूप निवडताना रंग बघावा. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पुच्छ फुलपाखरांना दिसतो. जपानमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिवळ्या पुच्छ फुलपाखरांना एका रंगाच्या कागदावर साखरपाणी पाजलं, तर नंतर ती तोच रंग अचूक निवडू लागली. म्हणजे ती रंग ओळखतातच, लक्षातही ठेवतात. त्यामुळे लाल जास्वंद, एक्झोरा, पेंटास यांच्याजवळ थांबावं. घाणेरीजवळ तर हमखास. तिच्या गुच्छात मधली ताजी फुलं पिवळी असतात, कडेची जुनी फुलं गुलाबी किंवा नारिंगी झालेली असतात. रस पिवळ्यांत जास्त असतो, आणि फुलपाखरांची सोंड बहुधा तिथेच उतरते. ऊन तापू लागलं की सावली फुलावर पडणार नाही अशा बेतानं उभं राहा. गेलेलं फुलपाखरू पुष्कळदा त्याच झुडपाकडे परत येतं.

कधी एखादी मादी फुलं सोडून लिंबाच्या पानांवर हलकेच टेकत जाताना दिसेल. पुढच्या पायांनी ती पान चाखून बघत असते. ती उडून गेली की कोवळं पान उलटून पाहा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं तिथे चिकटलेलं सापडू शकेल.