अल्बानिया: माणशी वाटणी आणि आजोबांचा बांध

अल्बानियात जमीन दुनुममध्ये मोजतात. एक दुनुम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले साधारण दहा गुंठे. १९९१मध्ये सहकारी शेतीची जमीन कुटुंबांना वाटली गेली. त्या वाटपात घरटी सरासरी अकरा-बारा दुनुम आले, तेही एका जागी नाहीत. चांगली, हलकी, उताराची अशी प्रत्येक प्रतीची जमीन सर्वांना मिळावी म्हणून तीन-चार तुकडे केलेले.

गंमत म्हणजे ही जमीन सहकारी शेतीत ओढणाऱ्या कम्युनिस्ट राजवटीनंच १९४५मध्ये बड्या जमीनदारांची जमीन काढून कसणाऱ्यांना दिली होती. पुढच्याच वर्षी सहकारी शेती सुरू झाली आणि १९६७पर्यंत डोंगरातली गावंही तिच्यात ओढली गेली. घरामागचा परस तेवढा कुटुंबाकडे राहिला, तोही सरकार लहान करत गेलं. १९८१च्या सुमारास परसातली गाय आणि शेळ्या-मेंढ्याही सामूहिक कळपात नेल्या. माझ्या मते खरा घाव हाच. जमीन जाऊन वर्षं लोटली होती. आता घरचं दूधही गेलं. दूध-मांसासाठी रांगा लागल्या.

राजवट डळमळताच लोकांनी कायद्याची वाट पाहिली नाही. सहकारी संस्थांची गुरं वाटून घेतली, काचघरं फोडली, फळबागांवर कुऱ्हाडी चालवल्या. १९ जुलै १९९१चा ७५०१ क्रमांकाचा कायदा आला तो यानंतर. जमीन जुन्या मालकांना परत न देता, सहकारी शेतीवर राबणाऱ्या कुटुंबांना माणशी सारखी आणि फुकट द्यायची, असं त्यात ठरलं. पूर्व युरोपात बहुतेक ठिकाणी जुने मालक शोधले गेले. इथे तसं केलं असतं तर सखल भागातली सुपीक जमीन पुन्हा थोड्या घराण्यांकडे गेली असती आणि बाकी गाव भूमिहीन.

उत्तरेकडच्या डोंगरांत मात्र हा कायदा फारसा कुणी जुमानला नाही. शिवेचा दगड हलवणं तिथल्या ‘कानून’मध्ये, म्हणजे परंपरागत रूढींच्या कायद्यात, मोठा गुन्हा. आजोबांचा बांध कुठून कुठवर होता, हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ. लोकांनी त्याच खुणांवर जमीन वाटली. सरकारी कागदाशी ती जुळेना, आणि भांडणं वर्षानुवर्षं चालली.

जमीन विकायची मुभा १९९५मध्ये मिळाली. तोवर कितीतरी घरांतली तरुण मुलं ग्रीस-इटलीला पोहोचली होती. त्यांनी धाडलेल्या पैशांवर, एक-दोन गाई, मका आणि लसूणघास यांवर मागे राहिलेले आई-बाप घर चालवत होते.