केवळ विश्वासाने तारण (मुक्ती)

माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या कर्मांच्या बळावर नव्हे, तर येशू ख्रिस्तावरील विश्वासाने आणि देवाच्या कृपेने, असे सांगणारा ख्रिस्ती सिद्धांत. लॅटिन नाव ‘सोला फिदे’. प्रॉटेस्टंट धर्मविचाराचा हा कणा होय.

आधार मुख्यतः नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांत सापडतो (रोमकरांस ३:२८, इफिसकरांस २:८–९). पौलाने हबक्कूक संदेष्ट्याचे वचन (२:४) पुढे नेले. पौलाने ‘नीतिमान ठरणे’ यासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाला न्यायालयीन छटा आहे: निर्दोष ठरवणे. लॅटिनमध्ये त्यासाठी आलेल्या शब्दाचा ‘नीतिमान करणे’ असाही अर्थ होतो, आणि पुढच्या वादाचे एक मूळ येथे आहे. मराठी भाषांतरातील ‘ठरतो’ हे क्रियापद ग्रीक छटेच्या जवळचे असून ते नेमके साधले आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याला हा अर्थ केव्हा उमगला याविषयी एकमत नाही. १५४५ च्या एका प्रस्तावनेत तो स्वतः हा प्रसंग १५१९ च्या सुमारास घडल्याचे सुचवतो. जुने अभ्यासक स्तोत्रांवरील पहिल्या व्याख्यानांपर्यंत, म्हणजे १५१३–१५ पर्यंत, मागे जातात. इतर काही १५१८ धरतात. म्हाताऱ्या माणसाची तीस वर्षांपूर्वीची आठवण आणि त्या काळातील टिपणे पूर्ण जुळत नाहीत. एका रात्रीत लख्ख उजेड पडला असे मानण्यापेक्षा हा विचार टप्प्याटप्प्याने पक्व झाला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘केवळ’ या शब्दाचा वाद मात्र सरळ आहे. १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ येथे ल्यूथरने तो घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. जर्मन भाषेच्या वळणासाठी तो लागतोच, असे समर्थन त्याने १५३० मध्ये केले. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात याकोबाच्या पत्रातच (२:२४) येतात, आणि तेही नकारार्थी.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये हा सिद्धांत नाकारला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

खानदेशात हा विचार ल्यूथरच्या पंथापेक्षा अमेरिकेतील सुवार्तावादी मिशनांकडून पोचला. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर पश्चिमेकडे नवापूर–नंदुरबार भागात फ्रेडरिक फ्रान्सन (१८५२–१९०८) याने स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. या परंपरेत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. पाळक (मंडळीचा धर्मगुरू) उमेदवाराला पाण्यात उभे करून ‘येशूवर विश्वास ठेवतोस का?’ असे विचारतो, होकार आला की त्याला पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढतो. क्रमाचा हा आग्रह म्हणजे सिद्धांताचेच दृश्य रूप.

सिद्धांत बोलीतही उतरला. ख्रिस्ती झालेला माणूस ‘विश्वासात आला’. मंडळीतले लोक ते ‘विश्वासी’. ज्या प्रदेशात चैत्रात पायी सप्तशृंग गडावर जाऊन नवस फेडतात, तेथे ‘हे देवाचे दान आहे’ हे इफिसकरांस पत्रातील वचन विशेष ठसते: दानाची फेड करायची नसते. दारू सोडणे, भगताकडे न जाणे यांना साक्षींमध्ये, म्हणजे मंडळीपुढे सांगितलेल्या स्वानुभवांत, मोठे स्थान असते. ही तारणाची किंमत नव्हे, फळ होय, असे पाळक शिकवतात. हा भेद सूक्ष्म आहे. तो सुटला तर सारी शिकवण पुन्हा कर्मावर येऊन बसते, म्हणून त्यावरील भर योग्यच म्हटला पाहिजे.

भक्तिमार्गाशी तुलना जुनी आहे. जर्मन धर्मअभ्यासक रुडॉल्फ ओटो याने १९३० मध्ये वैष्णव कृपाविचार आणि ख्रिस्ती कृपा यांचा तौलनिक विचार मांडला. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काहीच करत नाही, हा दक्षिणेतील वैष्णवांचा मार्जारन्याय ल्यूथरच्या विचाराच्या बराच जवळ येतो. मुक्ताबाईंच्या समाधीमुळे खानदेशाला जवळची असलेली वारकरी परंपरा नामस्मरणाला साधन मानते, त्यामुळे तेथे साम्य थोडे कमी.

खानदेशातील कॅथलिक नाशिक धर्मप्रांतात मोडतात. त्यांच्या मराठीत ‘विश्वास’ऐवजी ‘श्रद्धा’ आणि ‘श्रद्धावंत’ हे शब्द अधिक आढळतात.